शीतगृहात अडलेला नांगर

हरेश्वर परबांनी बसण्याआधी खुर्ची रुमालाने पुसली. मग रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "चोर कोण ते मला माहीत आहे. मला फक्त पुरावा हवाय."

"पुरावा आधी असतो, चोर मागून येतो," नमिता वैती म्हणाली. "तुम्ही उलट्या बाजूने आलात. बसा."

मुलुंड स्टेशनपासून जवळ, एका दातांच्या दवाखान्याच्या वर तिची खासगी तपासाची कचेरी होती. खालून दात कोरायच्या यंत्राचा आवाज यायचा आणि वर बसलेलं अशील निम्मं खरं तिथेच बोलून टाकायचं. नमिताची आई मासळीबाजारात बसायची. समोरचं गिऱ्हाईक मासा घेणार की नुसता दाबून बघून पुढे जाणार, हे ती लांबूनच सांगायची. नमिताने तीच नजर उचलली होती आणि ती माणसांवर चालवत होती. माणसं तिला बहुतेक वेळा शिळीच निघायची.

कोपऱ्यात चंद्रप्रकाश तावडे बसले होते. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते तिच्याकडे येऊन चिकटले. त्यांना सगळं दिसायचं, फक्त ते कशाचं आहे हे कळायला वेळ लागायचा.

परबांनी हकिगत सांगितली. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा गाळा. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचा धंदा: गॅरेजमधल्या गाड्या उचलायच्या लिफ्ट, दाबयंत्रं. यंदा मात्र डोंगरातल्या एका रस्ते खात्याने त्यांच्याकडे बर्फ सारणारा नांगर मागितला होता. ट्रकच्या तोंडाला लावायचा, रुंद पात्याचा. पहिला नग बनला. मुंबईत बर्फ कुठला, म्हणून चाचणी मासळीच्या शीतगृहात ठरली.

"गाळ्यात यंत्र झकास चाललं," परब म्हणाले. "शीतगृहात रात्रभर ठेवलं. सकाळी खात्याचे साहेब आले, बटण दाबलं, तर पातं जमिनीला चिकटलेलं. जागचं हलेना. बाहेर आणलं तर परत व्यवस्थित! माझं हसं झालं. ही घातपाताची केस आहे, बाई. कृणाल केणी, माझा फिटर. टाकीत तेल त्याने भरलं आणि त्याचा मेहुणा आमच्या स्पर्धकाकडे कामाला आहे."

"मग त्याचं काय केलंत?"

"त्याच दिवशी हाकलला. इस्टेटमधल्या एकेक गाळ्याला स्वतः फोन केला, ह्याला दारात उभा करू नका म्हणून." हे सांगताना त्यांची छाती थोडी फुगली. "खात्याचे साहेब दुसऱ्या चाचणीला येतायत. त्याच्या आत मला त्याला पोलिसांत द्यायचाय."

नमिताने त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणसाची भाकरी फोनवरून काढून घेणारे लोक तिला मुळात आवडत नसत, आणि त्याचा अभिमान बाळगणारे तर अजिबात नाही.

"येते मी," ती म्हणाली. "पण मी जे शोधते ते अशिलाच्या सोयीने निघत नाही. आधीच सांगते."

परब हसले. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहे.

*

परबांच्या गाळ्यात यंत्रांपेक्षा पाट्या जास्त होत्या. 'शिस्त म्हणजे प्रगती.' 'विज्ञानावर श्रद्धा ठेवा.' आणि सर्वांत मोठी, लाल अक्षरांत: 'टाकीत तेलाशिवाय काहीही जाता कामा नये. दंड होईल.'

"पाट्या सगळ्या मीच लिहितो," परब म्हणाले.

"कळतंय," नमिता म्हणाली.

नांगर मधोमध उभा होता. पुढच्या पात्यावर हळदीकुंकवाचे पट्टे आणि वाळलेला हार. मागच्या बाजूला मोटर, पंप आणि तेलाची टाकी. टाकीच्या तोंडाला पितळी कुलूप. दाराजवळ एक गॅरेज-लिफ्ट पाठवणीसाठी तयार होती, तिच्यावरचा झेंडू अजून ताजा होता. तिच्याही टाकीला कुलूप.

"चालतं कसं हे?" तावड्यांनी विचारलं.

"मोटर पंप फिरवते. पंप टाकीच्या तळातून तेल ओढतो. तळाशी खळगा आहे, त्यात बारीक जाळी आहे, त्या जाळीतून. मग तेच तेल दाबाने सिलिंडरमध्ये जातं आणि पातं उचलतं. लहान मुलालाही कळेल."

"मलाही कळलं," तावडे समाधानाने म्हणाले.

"कुलूप कधी लावलंत?" नमिताने विचारलं.

"सकाळी कृणालने तेल भरलं. लगेच मी माझ्या हाताने लावलं. किल्ली ही बघा." परबांनी शर्ट वर करून कमरेचा करदोटा दाखवला. "अंघोळीलाही काढत नाही. पूजा झाली दुपारी, त्यानंतर ट्रकवर चढवून शीतगृहात."

"मधे टाकी कोणी उघडली?"

"कोणीही नाही. शीतगृहात यंत्र अडल्यावर मी उघडली, सगळ्यांसमोर, तेलाचा नमुना घ्यायला. तेवढीच."

नमिता टाकीवर वाकली. भिंतीवरून मुंग्यांची एक रांग उतरत होती. ती तेलाच्या रबरी नळीवरून चढून टाकीच्या तोंडाशी येत होती आणि कुलपाच्या खालच्या कडेशी गोळा होत होती.

"मुंग्या," तावडे म्हणाले. "पूजेचा पेढा सांडला असेल."

"पेढा देवाला कुठे ठेवतात, तावडे?"

"पुढे. पात्याशी."

"पात्यावर एक तरी मुंगी दिसते?"

तावडे पुढे जाऊन बघून आले. दिसत नव्हती. याचा अर्थ काय, ते त्यांना सुचलं नाही. त्यांनी मुकाट्याने चष्मा पुसला.

*

पहिला सिद्धेश. परबांचा इंजिनियर, इस्त्रीच्या शर्टातला.

"ॲक्च्युअली माझा डाऊट तेलावरच आहे," तो म्हणाला. "लो-टेम्परेचर तेल महाग असतं. कृणालने साधं भरलं असणार. साधं तेल थंडीत घट्ट होतं, पंपाला ओढता येत नाही. सिंपल."

"नमुना कोणी घेतला?"

"मी. वरूनच काढला, बाटलीत."

"त्या बाटलीचं काय केलंस?"

"तिथेच फळीवर ठेवली, कोल्ड रूममध्ये."

"आणि तिथल्या गारठ्यात ते तेल घट्ट झालं?"

सिद्धेशने टायची गाठ चाचपली. "नाही. पातळच राहिलं. सरबतासारखं."

"म्हणजे तेल बरोबर होतं. कृणालने बरोबर भरलं होतं."

"टेक्निकली... हो."

"हे परबांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही ना."

नमिता त्याच्याकडे बघत राहिली. एका माणसाची नोकरी जाताना हा उत्तर हातात धरून उभा होता आणि प्रश्न यायची वाट बघत होता. चार वर्षं इंजिनियरिंग शिकून माणूस एवढाच होत असेल तर शिकवणाऱ्यांनी फी परत करायला हवी.

"जा," ती म्हणाली. "टाय नीट आहे तुझा."

दुसरी सुगंधा. गाळ्याचं ऑफिस सांभाळणारी, तोंडाने फटकळ.

"पूजेचं सांगते ना. साहेब स्वतः गाऱ्हाणं घालतात, अगदी मालवणीत. 'बा देवा महाराजा, ह्या यंत्र बर्फात जाताहा, तेका सांभाळ रे महाराजा.' आम्ही सगळे म्हणायचं, 'व्हय महाराजा.' मग नारळ फोडला. पाणी मी स्वतः पेल्यात धरलं आणि पेला टाकीवर ठेवला. प्रसाद वाटायला पुढे गेले, परत येऊन बघते तर पेला रिकामा! तीर्थ कोणालाच नाही."

"कोणी प्यायलं?"

"कृणाल, दुसरं कोण? त्याला नारळपाण्याचं वेडच आहे."

"पिताना बघितलंस?"

"बघायचं काय त्यात? माणूस ओळखता येतो."

"त्या लिफ्टची पूजा कधी झाली?" नमिताने दाराकडे बोट केलं.

"काल. कृणाल गेल्यावरचं पहिलंच मशीन."

"तिकडे तीर्थ मिळालं?"

"छे!" सुगंधाने हात झटकला. "आमच्याकडे देवाचं पोट भरतं, माणसांच्या हाताला करवंट्या."

*

शीतगृह भांडुपला होतं. मालकीण मथुराबाई दारातल्या ओट्यावर बसून पापलेटाच्या पेट्या मोजून घेत होत्या. नमिताला बघून त्यांनी पेटी सरकवली आणि बसायला जागा केली.

"परबांचं यंत्र? अगं, ते काही मुकं पडलं नव्हतं. बोंबलत होतं! रिकामी गिरणी फिरवली की कशी कण्हते, तसं. म्हटलं बंद करा रे, माझे मासे जिवंत होतील."

"म्हणजे मोटर चालू होती. पंप फिरत होता."

"फिरत होता, पण त्याच्या पोटात काही जात नव्हतं. तो आवाज ओळखते मी, आमच्या बोटीचा पंप गाळाने तुंबला की तस्साच रडतो. मग काढलं बाहेर, ठेवलं उन्हात. परब त्या पोराला शिव्या देत होते. बराच वेळ. दम लागला तेव्हा थांबले. तेवढ्यात त्या टायवाल्याने बटण दाबलं आणि पातं टुणकन वर."

"परब म्हणतात, कृणालने घाबरून गुपचूप काहीतरी दुरुस्त केलं."

"काय म्हणतात ते!" मथुराबाई थुंकल्या. "कृणाल इथे, ह्या ओट्यावर होता. डोकं धरून. मी त्याला पाणी देत होते. यंत्र तिकडे, तो इकडे. हात काय लांब होतात माणसाचे?"

परतताना तावड्यांनी स्कूटर चालवता चालवता मत मांडलं. "वायरीत दोष असेल. थंडीत आकसतात वायरी."

"वायर तुटली असती तर मोटर बोंबलली नसती. पंप फिरत होता आणि त्याला तेल मिळत नव्हतं. म्हणजे टाकी आणि पंपाच्या मधे काहीतरी बसलं होतं. गारठ्यात आलं, उन्हात गेलं, हात न लावता. तुमच्या घरी असं काय आहे जे फ्रीजमध्ये दगड होतं आणि ओट्यावर ठेवलं की नाहीसं?"

तावड्यांनी सिग्नलला स्कूटर थांबवली. मग म्हणाले, "बर्फ! म्हणजे टाकीत पाणी होतं! तेलापेक्षा जड, तळाला गेलं, जाळीवर गोठलं!"

"शाबास. वरून काढलेल्या नमुन्यात म्हणूनच ते सापडलं नाही."

"म्हणजे कृणालनेच तेलात पाणी घातलं?" तावड्यांचा चेहरा पडला.

"पाण्याला मुंग्या लागतात का हो?" नमिता म्हणाली. "डावीकडे वळा. त्याच्याच घरी जाऊ."

*

कृणाल केणी खाडीकाठच्या घरासमोर जाळं शिवत बसला होता. काम जाळ्याचं होतं, पण लक्ष नव्हतं. उसवलेली गाठ तो पुन्हा उसवत होता.

"तेल मी फडक्यातून गाळून भरलं," तो म्हणाला. "साहेबांनी तिथेच कुलूप लावलं. किल्ली त्यांच्याकडे."

"आणि पूजेचं तीर्थ?"

"मला कोण देतंय? मी गाऱ्हाण्यालाच नव्हतो. ट्रकवाला वाट चुकला होता, त्याला आणायला गेटवर गेलो होतो. आलो तेव्हा करवंट्या झाडत होते."

"नंतर कुठे काम बघितलंस?"

कृणालने सुई जाळ्यात खोचली. "सगळे गाळे फिरलो. सगळे म्हणतात, कृणाल, काम तुझं एक नंबर, पण परबांचा फोन आला होता यार. चहा पाजतात आणि रस्त्याला लावतात. बाई, मला त्यांची नोकरी नको. मला माझं नाव परत पाहिजे. ते कुठे मिळतं ते सांगा, मी जाऊन घेतो."

नमिता एरवी अशिलाच्या विरुद्ध पार्टीला आश्वासनं देत नसे. पण तिला त्या क्षणी परबांचा इतका राग आला की तिने स्वतःचा नियम मोडला.

"उद्या सकाळी गाळ्यात ये," ती म्हणाली. "मिळेल."

*

दुसऱ्या दिवशी गाळ्यात सगळे जमले. परब, सिद्धेश, सुगंधा, कामगार. कृणाल आत आला तसे परब ओरडले, "ह्याला कोणी बोलावलं? माझ्या मशीनला हात लावू देणार नाही मी!"

"हात तोच लावणार," नमिता म्हणाली. "टाकीच्या तळाचा बोल्ट काढायचाय आणि इथे ते काम नीट येणारा तेवढा एकच माणूस दिसतोय. सिद्धेश, बाळा, तू टाय सांभाळ. कृणाल, थोडंच सोड. काचेच्या बरणीत."

बोल्ट सैल झाला. आधी आलं ते तेल नव्हतं. गढूळ, पांढरट पाणी आलं, मग त्याच्यामागून सोनेरी तेल. आंबूस वास सुटला. मथुराबाईंच्या पेट्यांपेक्षा वाईट.

"पाणी!" परब गरजले. "बघा! मी म्हणत नव्हतो? घातपात!"

"पाणी आहे. शीतगृहात तेच जाळीवर गोठलं आणि पंपाचा घसा बंद झाला. उन्हात वितळलं, घसा मोकळा. कोणी काही जोडलं नाही, तोडलं नाही. आता सांगा, हे पाणी कसलं?"

तिने टाकीच्या तोंडाकडे बोट केलं.

"टाकीच्या तोंडाशी मुंग्या आहेत. तेल त्यांना चालत नाही, नळाचं पाणी त्यांना नको. पूजेचा गोड प्रसाद पुढे पात्याशी होता, तिकडे एकही मुंगी नाही. म्हणजे टाकीत ओतताना कडेला सांडलं ते गोड होतं. सुगंधा, त्या दिवशी टाकीवर ठेवलेला कुठला पेला आपोआप रिकामा झाला?"

सुगंधाचा हात तोंडाशी गेला. "अगं बाई. नारळाचं पाणी!"

"कृणालनेच ओतलं असेल!" परब म्हणाले.

"कुलूप सकाळी लागलं. नारळ दुपारी फुटला. नारळ फुटायच्या आधी त्याचं पाणी टाकीत जात नाही, परबसाहेब, विज्ञानावर कितीही श्रद्धा ठेवली तरी. आणि कुलूप लागल्यावर ते एकाच किल्लीने उघडतं. ती कुठे असते ते तुम्ही मला शर्ट वर करून दाखवलंत."

कामगारांत कोणीतरी खोकलं. ते खोकणं हसण्यासारखं वाटलं.

"ह्याने दुसरा नारळ घरून आणला असेल," परब म्हणाले, पण आवाज खाली आला होता. "तेल भरतानाच ओतला असेल."

"असेल. म्हणून कृणाल, आता ती दारातली लिफ्ट. तिची पूजा परवा झाली, तुला इथून काढल्यावर. तुझी सावलीही इथे नव्हती. परब, कुलूप उघडायची गरज नाही. तळ पुरे."

कृणालने लिफ्टखाली बरणी धरली, बोल्ट फिरवला. पुन्हा आधी पाणी आलं. हे ताजं होतं, वासही अजून गोड होता.

तावडे एका बरणीकडून दुसऱ्या बरणीकडे बघत राहिले आणि अखेर त्यांच्या तोंडून निघालं, "म्हणजे... प्रत्येक मशीनमध्ये?"

"प्रत्येक. नाही का हो?" नमिता परबांकडे वळली. "तुमच्या लिफ्टा घाटकोपर-बोरिवलीच्या गॅरेजमध्ये जातात. तिथे पेलाभर पाणी तळाला पडून राहतं आणि यंत्र मुकाट्याने सहन करतं. इथे कधी गोठायची वेळच आली नाही. पहिल्यांदा तुमचं यंत्र थंडीत गेलं आणि तुमची भक्ती दगड होऊन बसली."

परब स्टुलावर बसले. ह्या वेळी त्यांनी ते पुसलं नाही.

"माझे वडील गिरणीत होते," ते हळूच म्हणाले. "दसऱ्याला मागावर नारळाचं पाणी शिंपडायचे. म्हणायचे, यंत्राक पयलो घोट देवचो, मगे ता दगा देणा नाय. मी म्हटलं, शिंपडून काय होतंय? मुखातच घालू. सगळे प्रसादाकडे वळले की मी दोन मिनिटांत... सगळ्यांसमोर कसं करणार? ती पाटी..."

लाल अक्षरांची पाटी त्यांच्या डोक्यावरच होती. सगळ्यांनी ती वाचली. पाचवीला शिकणाऱ्या मुलालाही वाचता आली असती.

"देवाला पाणी द्यायला माझी हरकत नाही," नमिता म्हणाली. "वडिलांची आठवण ठेवायलाही नाही. पण मी विचारलं, टाकी कोणी उघडली? तुम्ही म्हणालात, कोणीही नाही. तुम्ही खोटंही बोलत नव्हतात. तुम्ही सगळ्यांना मोजलंत, फक्त स्वतःला माणसांत धरलं नाहीत. चूक फिटर करतो, दंड कामगाराला होतो, साहेब नुसता असतो. म्हणून संशय तुमच्या अंगाला शिवलाच नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे तर सुळी उभारणाराच चोर."

परब उठले. शर्ट नीट केला. साहेबपण अंगात परत चढत होतं. "ठीक आहे. झालं ते झालं. कृणाल, उद्यापासून ये कामावर. आणि मंडळी, ही गोष्ट ह्या चार भिंतींत राहू द्या. इस्टेटमध्ये माझी इज्जत आहे."

कृणाल फडक्याने हात पुसत होता. मग त्याने फडकं खाली ठेवलं.

"माझी पण होती," तो म्हणाला. "फोन काढा, साहेब."

"काय?"

"ज्यांना ज्यांना फोन केला होता, त्यांना परत लावायचा. आत्ता. स्पीकरवर."

परबांनी सिद्धेशकडे पाहिलं. सिद्धेश पंख्याकडे बघत होता. सुगंधाकडे पाहिलं. ती पुढे झाली, टेबलावरचा त्यांचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला आणि बाजूला उभी राहिली. कामगारांपैकी एकही जागचा हलला नाही.

पहिली रिंग झाली. पलीकडून मोठा, आनंदी आवाज आला. "बोला परबसाहेब! सकाळी सकाळी?"

"ते... कृणाल केणीबद्दल बोललो होतो ना मी." परबांनी घसा साफ केला. "त्याने काही केलं नव्हतं. माणूस चांगला आहे. कामालाही."

"अरे! मग मशीनची वाट लावली कोणी?"

गाळ्यात सगळे ऐकत होते. परबांनी ओठांवरून जीभ फिरवली. स्पीकरमधून पुन्हा आवाज आला, "हॅलो? साहेब? कोणी केलं मग?"

"मी," परब म्हणाले.

पलीकडे हसू फुटलं, मोठं, थांबता थांबेना असं. परबांनी घाईघाईने फोन बंद केला आणि टेबलावर ठेवायला गेले.

"ठेवू नका," कृणाल म्हणाला. "पुढचा नंबर लावा."